शनिवारच्या फायनलपर्यंत

मंगळवारी सकाळी सव्वासहाला वॉर्डमधल्या सिस्टरचा फोन आला. रघुवीर हॉस्पिटलला गेला, वैजयंतीचा हात धरून थोडा वेळ बसला, सांगतील तिथे सह्या केल्या आणि बसनं घरी परतला.

कोट काढायच्या आधीच त्याचं ठरलं होतं. मालविकाला शनिवारपर्यंत कळू द्यायचं नाही.

मालविका त्यांची एकुलती एक. ढोल आणि ब्यूगल वाजवत मैदानभर आकृत्या रचणाऱ्या एका ज्युनिअर पथकात ती सहा वर्षं होती. त्या पथकाला सगळे ‘कोर’ म्हणत. आठवड्यापूर्वी ती कोरबरोबर टूरवर गेली होती आणि शनिवारी फायनल होती. एकविशीनंतर ज्युनिअर कोरमध्ये घेत नाहीत, त्यामुळे २००५चा हा तिचा शेवटचा सीझन. मधला सोलो यंदा पहिल्यांदाच तिच्याकडे आला होता.

“अरे, आई गेलीय तिची,” एजवेअरहून धाकटा भाऊ श्रीनिवास फोनवर म्हणाला. “तिला बोलावून घे.”

“क्रिमेटोरियमची तारीख पुढच्या गुरुवारची मिळणार आहे. ती आज आली काय, रविवारी आली काय.”

“आणि का नाही सांगितलंत, असं विचारलं तर?”

“माझ्या दहावीच्या वेळी आजी गेली. अण्णांनी शेवटचा पेपर झाल्यावर सांगितलं. पास झालो ना मी?”

“बेचाळीस टक्क्यांनी, दादा.”

“झालो ना?”



कोरमध्ये बदली कुणी नसतं, हे रघुवीरला माहीत होतं. एखादा आला नाही तर बाकीचे त्याची जागा रिकामी सोडून चालतात. मालविका घरी आली तर मैदानावर एक भोक दिसेल, आणि सोलो कुणी वाजवणारच नाही. वैजयंतीला ते चाललं नसतं. पाच यार्डांत आठ पावलं, हे गणित मुलीला तिनंच घोटून दिलं होतं. हॉलवेच्या कार्पेटवर खडूच्या खुणा करून ती मराठीत मोजायची आणि मालविका ब्यूगल धरून चालायची. दर उन्हाळ्यात वैजयंती टूरवरही जायची. शाळांच्या जिममध्ये स्लीपिंग बॅगेत झोपायची, तुटलेली बटणं शिवायची, आणि फायनलच्या दिवशी अख्ख्या कोरला बटाट्याची सँडविचेस खाऊ घालायची.

संध्याकाळी मालविकाचा फोन आला.

“बाबा, जेवलं का तुम्ही?”

“जेवलो. आई झोपलीय गं. आत्ता तिला फोन नको म्हणालेत डॉक्टर.”

“ओके,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “लिसन, माझे व्हाइट ग्लव्ह्ज घरी राहिले. वॉश करून आणाल? हातानं हां, मशीनमध्ये नाही.”

“आणतो.”

“प्रॉमिस?”

“अगं, आणतो म्हटलं ना.”

बुधवारी तिनं स्पेअर ट्राउझर इस्त्री करून आणायला सांगितली. गुरुवारी म्हणाली, यंदा आई नाही, तर सँडविचेस तुम्हीच करा, साठ लागतील. पोरगी जरा स्वतःपुरतंच बघतेय, असं रघुवीरला वाटलं. पण ती आईबद्दल फार विचारत नाही, हे बरंच होतं. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती.

शुक्रवारी श्रीनिवास घरी आला, तेव्हा रघुवीर मालविकानं आजच आटपून ठेवायला सांगितलेले चार किलो बटाटे सोलत होता.

“सुतकातल्या घरचं लोकांना खायला घालणार तू?”

“इंग्रजांना कसलं सुतक? मिरच्या चिर तू. आणि बिया काढ, त्या पोरांना तिखट झेपत नाही.”

शनिवारी दोघं सँडविचेसचे डबे घेऊन स्टेडियमवर पोहोचले. मालविका लांबून धावत आली, ग्लव्ह्ज घेतले आणि, “तुम्ही दाढी केली, गुड,” म्हणून परत पळाली.

कोर मैदानात उतरला. ढोल थांबले आणि मालविका एकटी पुढे आली. रघुवीरला संगीतातलं काही कळत नव्हतं, म्हणून तो पावलं मोजत राहिला. पाच यार्ड, आठ पावलं. एकही चुकलं नाही. शेवटचा सूर तिनं इतका लांब धरला, की पुढच्या रांगेतला एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला. कोरचा दुसरा नंबर आला. सहा वर्षांत तो इतका वर कधी आला नव्हता.

आता सांगायचं होतं. वाक्य त्यानं चार दिवस तयार ठेवलं होतं. कोरच्या बसमागे, जिथे पोरं गणवेश बदलत होती, तिथून त्यानं तिला बाजूला घेतलं.

“मालू, तुला एक सांगायचंय. मी मुद्दाम थांबलो होतो.”

“मंगळवारी,” ती म्हणाली. “सव्वासहाला सिस्टरनं तुम्हाला कॉल केला. मला सहा वाजता केला होता.”

“तुला आधी?” रघुवीरनं विचारलं.

“आईनं हॉस्पिटलच्या फॉर्मवर माझा नंबर तुमच्या वरती लिहून दिला होता. टूरवर निघताना मला म्हणाली, मी या आठवड्यात जाईन. बाबा तुला शनिवारपर्यंत सांगणार नाहीत. तू पण समजलं असं दाखवू नकोस. रिकामे बसले तर ते उठणार नाहीत, म्हणून त्यांना रोज एक काम दे.” तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. “लिस्ट पण तिनंच केली होती, बाबा.”

तिनं खिशातून चौघडी केलेला कागद काढून त्याच्या हातात दिला. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, प्रत्येकापुढे वैजयंतीच्या अक्षरात एकेक काम. शनिवारपुढे ‘दाढी केली का बघ’. रविवारपुढे काय लिहायचं, ते तिचं राहून गेलं होतं.