अन्नपूर्णाबाईंचे हाल

“माय, तुहे हाल संपले! चिखलीले बदली झाली,” इंद्रभान दारातूनच ओरडला.

अन्नपूर्णाबाईंच्या तोंडात आलुबोंडा होता. गिळावा की पदराआड काढून ठेवावा, हे ठरेपर्यंत मिरची दाताखाली आली आणि डोळे भरून आले. लेकाला वाटलं, आनंदाचं पाणी.

“आता उंद्रीले आपल्या घरी राह्यचं. मी तिथून चिखलीले येत-जात जाईन. साहेब म्हणत होते, ‘थांब, वरची जागा देतो तुले.’ म्या म्हटलं, ‘नको साहेब. मायले इथं करमत नाही.’”

तो तोंड धुवायला मोरीकडे गेला. अन्नपूर्णाबाई अर्धा आलुबोंडा हातात धरून बसून राहिल्या. साहेबांपर्यंत गेलं होतं म्हणजे आपलं रडगाणं.

जिल्हा परिषद नवीनच झाली होती. इंद्रभान तिथे कारकून म्हणून लागला आणि मायलेक उंद्रीहून बुलडाण्याला आले. सुरुवातीला अन्नपूर्णाबाईंना खरंच करमत नव्हतं. गल्लीत ओळख नाही, बोलायला माणूस नाही. मग एका दुपारी शेजारच्या बेबीताईंनी त्यांना हाताला धरून तंबूतल्या सिनेमाला नेलं. तिथे मंजुळाबाई भेटल्या. त्याही अन्नपूर्णाबाईंसारख्याच विधवा, पण आवाज असा की पडद्यावरचा नायक दबून जावा.

उंद्रीत अन्नपूर्णाबाईंची वाट ठरलेली होती. घरातून वावरात, वावरातून घरात. नवरा गेला तेव्हा इंद्रभान रांगत होता. तेव्हापासून कुठे चार बाया निघाल्या की त्यांना कुणी हाक मारत नसे. इथे मात्र त्यांनी काय करायचं नाही हे कुणाला ठाऊकच नव्हतं. हळूहळू त्याही विसरल्या. बाजारात उभ्याउभ्या कागदावरची गरम भजी पहिल्यांदा खाल्ली, तेव्हा त्यांना वाटलं, अख्खी उंद्री बघते आहे. पुढच्या बाजारी त्यांनीच भजीवाल्याला तळलेली मिरची जास्त मागितली. घाटापर्यंत फिरायला जाणं सुरू झालं. पोलक्याच्या शिवणी उसवून सैल कराव्या लागल्या. “इथलं पाणी मले बाधते, अंगावर सूज आली,” असं त्यांनी लेकाला सांगितलं. त्या बिचाऱ्याने डॉक्टरकडून औषधाची बाटली आणली. अन्नपूर्णाबाईंनी ती कडू बाटली निमूट संपवली. एवढं खोटं पचवायचं, तर औषध हवंच, असं म्हणून स्वतःशीच हसल्या.

संध्याकाळी इंद्रभान घरी आला की आधी विचारी, “माय, करमलं का आज?”

“कायचं करमते बा. चार भिंती अन् मी,” असं म्हणून त्या चुलीकडे तोंड फिरवत. डोक्यात दुपारच्या सिनेमाचं गाणं चालू असे. स्वतःचं सोंग बघून त्यांना इतकं हसू येई की खांदे हलत. लेकाला वाटे, माय रडते आहे.

बदलीची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. चहाच्या वेळी सगळं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण काय सांगणार? की तुझी माय पक्की नाटकी आहे? त्यांनी तोंड उघडलं, चहाचा घोट घेतला आणि पुन्हा मिटलं.

तेवढ्यात तुपाची बरणी घेऊन बेबीताई दारात आल्या.

“चला हो अन्नपूर्णाबाई, रानातल्या जेवणाले गाडी जुंपली! तुम्ही नसल्या की गोवऱ्यांवरचे रोडगे कच्चे राह्यतात.”

मागून टोपलीभर वांगी घेऊन मंजुळाबाई आत शिरल्या आणि इंद्रभानला बघून खूश झाल्या. “भाऊ, तू बी चल. तुही माय गाडीत नकला करते ना, पोट दुखते हसू हसू. लोणारले गेलो तवा कंडक्टरनं तिकिटं फाडणं सोडून हिचं गाणं आयकलं.”

“लोणारले?” इंद्रभानची बशी हातातच राहिली. “माय लोणारले गेलती?”

“तुले माहीत नाही?” मंजुळाबाईंनी विचारलं. बेबीताईंनी त्यांना कोपर मारलं आणि ओढतच बाहेर नेलं.

अन्नपूर्णाबाई खाली बघत म्हणाल्या, “नको जाऊ बापा चिखलीले. मले इथं लई चांगलं वाटते.”

इंद्रभान बघत राहिला. मायचा भरलेला चेहरा, पोलक्याच्या उसवलेल्या शिवणी, सगळं त्याला आज पहिल्यांदा नीट दिसलं. लेक आता चिडणार, म्हणून अन्नपूर्णाबाईंनी अंग चोरलं.

“अन् ते औषध?” त्याने विचारलं.

“लई कडू होतं,” त्या म्हणाल्या.

तो फिसकन हसला. मग त्याही हसल्या. बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले.

“उद्या साहेबाच्या पाया पडतो. शिव्या देतील, पण माणूस चांगला हाये. बदली थांबवतील.” मग त्याचा आवाज उतरला. “पण माय, माह्या जिवाले किती घोर लागला होता! इतकं मजेत होती, तं रोज माह्यासमोर तोंड पाडून काऊन बसत होती?”

बाहेरून मंजुळाबाईंची हाक आली. अन्नपूर्णाबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि चौकटीला हात लावून थांबल्या.

“तुहा बाप गेला तवापासून, मले करमते का, हे कोणी इचारलंच नव्हतं रे. तू रोज इचारे. ‘करमते’ म्हटलं असतं, तं तू इचारणं सोडून देल्लं असतं.”