आवाजाची टाकी

"बंदर, बंदर, मी पहिलं जाळं..." आणि पुढचे दोन शब्द गडप.

"अरे, नीट बोल की मेल्या!" सून स्पीकरवर खेकसली.

सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणाला म्हणतेस? त्या डबीला की माझ्या मुलाला?"

"दोघांनाही!"

डबी म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर. त्याला रेडिओ पकडणारी एक कांडी खोचलेली, आणि कांडीची तार खिडकीतून थेट छपरावर. मोबाइल दुरुस्तीच्या आपल्या दुकानातल्या सुट्या भागांतून तिनंच हे सगळं जमवलं होतं. नवरा पहाटे बोट घेऊन समुद्रात गेला की बंदराशी चाललेलं त्याचं बोलणं तिला घरबसल्या ऐकू येई. उलट बोलायची सोय मात्र नव्हती. ते त्यालाही ठाऊक होतं, म्हणून बंदराशी बोलून झालं की शेवटी तो हळूच म्हणायचा, "आणि घरी कोणी ऐकत असेल, तर चहाचं आधण ठेवा."

एरवी ही गंमत होती. आज वादळाचा इशारा आला होता, आणि तोही नवरा निघून गेल्यावर. आणि नेमके आजच शब्द गळत होते.

तिनं तार हलवून पाहिली. स्पीकर बदलला. चार्जर बदलला. पिन पुन्हा घट्ट खोचली. मग एकदाचं तिला कळलं.

"बाबा, ही कांडी आवाज भराभर देते आणि स्पीकर तो सावकाश वाजवतो. मध्ये साठवायला जागा एवढीशी. ती भरली की वरचं सांडतं. तेच शब्द जातात."

सासऱ्यांची सारी हयात रेडिओ दुरुस्तीत गेलेली. "मग दोघांचा वेग जुळव ना."

"त्यासाठी सगळं बंद करून पुन्हा मांडावं लागेल. तेवढ्यात तो काही बोलला तर? मी आपली ती साठवायची टाकी मोठी करते. सांडणारच नाही, साठून राहील आणि ओळीनं वाजेल."

"आणि तीही भरली तर?"

"दोन दिवस भरत नाही."

"आमच्या वेळी असल्या भानगडी नव्हत्या. आवाज आला की वाजला."

"तुमच्या वेळी रेडिओला थापट मारावी लागायची बाबा."

सासरे हसले. तीही हसली, पण उगाचच. थोड्या वेळानं स्पीकरमधून नवरा बोलला. एक अक्षर तुटलं नाही.

"पोराचा आवाज जरा जड येतोय," सासरे म्हणाले.

"सर्दी झालीय. स्वेटर घाल म्हटलं तर ऐकेल तर शपथ!"

दुपारनंतर वारा सुटला. पत्रे वाजू लागले. दुकानाचं शटर ओढून ती डबीसमोर जी बसली, ती जेवायलाही उठली नाही. खरखर आणि मधूनच त्याचा आवाज. खरखर लांबली की ती स्पीकरला कान लावायची. सासरे येरझाऱ्या घालत होते.

अंधार पडला आणि वीज गेली. गल्ली गेली, टेकडी गेली, खाली बंदरावरची दिव्यांची रांगही गेली. डबीला बॅटरी जोडलेली होती, ती चालू राहिली. सासऱ्यांनी कोरी मेणबत्ती काढून पेटवली आणि बशीत उभी केली.

मग नुसती वाट पाहणं. मेण बशीत ओघळत होतं. नवऱ्याचा शब्द नाही. तिला वाटलं, आता आपणच ओरडू.

फोन वाजला. बंदरावरचे साहेब होते; सासरेही फोनला कान लावून ऐकू लागले.

"वहिनी, वीज गेली तेव्हा आमचा रेडिओही बंद पडला. जनरेटर लागेपर्यंत थोडा वेळ गेला, आणि तेव्हापासून तुमच्या मिस्टरांचा आवाज नाही. दुसरी एक बोट मात्र सारखी मदत मागतेय. आमच्याकडे बचावाची बोट एकच. तुम्हाला काही ऐकू येतंय का?"

 तेवढ्यात, देव पावला, स्पीकर बोलला.

"बंदर, वारा वाढलाय, पण इंजिन ठणठणीत आहे. तुमच्या दिव्यांच्या रोखानं सावकाश येतोय. आणि घरी कोणी ऐकत असेल, तर चहाचं आधण ठेवा."

"ऐकलंत? ऐकलंत ना साहेब?" ती रडत रडत ओरडली. "सुखरूप आहे हो! आत्ता, या क्षणी बोलला!"

"ऐकलं वहिनी. मोठं काम झालं. मग बोट त्या दुसऱ्यांकडे पाठवतो, लांब पलीकडच्या बाजूला."

तिचा जीव भांड्यात पडला. तिनं खरोखरच आधण ठेवलं, तीन कपांचं. सासऱ्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"ती दुसरी बोट सारखी ओरडतेय म्हणाले," ते पुटपुटले. "आपल्याला कशी नाही ऐकू आली?"

"लांब असेल बाबा. आपली तार ती केवढीशी!"

"कुठल्या दिव्यांच्या रोखानं म्हणाला गं तो?"

तिनं साखरेचा डबा उघडला होता. चमचा तसाच हातात राहिला.

"बंदर! बंदर!" स्पीकरमधून नवरा ओरडला. "दिवे का विझवलेत? आत्ता होते, आत्ता गेले! खडक कुठे तेच दिसेना मला..."

खरखर सुरू झाली. वीज गेली तेव्हा पेटवलेली बशीतली मेणबत्ती निम्मी जळून गेली होती.