चौदा महिन्यांचा गुडघा

कोल्हापुरातल्या त्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघात एकच जागा उरली होती. प्रशिक्षक सरनाईकांनी ती मनातल्या मनात ऋतुजा इंगवलेसाठी धरून ठेवली होती. पेठेतल्या मैदानावर सात वर्षं त्यांनीच तिला घडवलं होतं. पण अर्ज देशभरातून आले होते, आणि गुडघा किती काळ टिकेल हे सांगणाऱ्या यंत्राखाली प्रत्येकीला झोपावंच लागे.

मिझोरमच्या एका मुलीचा गुडघा नऊ वर्षं टिकणार होता. ऋतुजाचा डावा गुडघा चौदा महिने.

"मग चौदा महिने खेळते की, सर," ऋतुजा म्हणाली.

"प्रवेश तीन वर्षांचा असतो."

"तुम्हीच म्हणायचा, आधी आपल्या गावच्या पोरी."

"म्हणायचो. तेव्हा हे यंत्र नव्हतं."

त्यांनी मिझोरमच्या मुलीच्या नावापुढे सही केली. ती सुरेख खेळली. संघाने दोनदा विद्यापीठाचा करंडक आणला, पण सामन्याला पेठेतलं कुणी येईनासं झालं.

तीन वर्षांनी सरनाईक चष्मा करायला गेले, तर दुकानात ऋतुजा कामाला होती. फ्रेम आणायला ती झपाझप आत गेली, तशीच परत आली. पाय जराही लंगडत नव्हता. यंत्र चुकलं होतं की काय, असं सरनाईकांना वाटून गेलं.

"गुडघा कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"चांगला आहे, सर," त्यांच्या नाकावर फ्रेम बसवत ती म्हणाली. "त्या दिवसानंतर मी पळालेच नाही."