एकच बदाम

उंबरठ्यावर पाय ठेवताच बासिमानं मिठाईचं तबक एका हातावर तोललं, दुसरा हात तोंडाशी नेला आणि जीभ नाचवत आनंदाची अशी काही लकेर काढली, लू-लू-लू-लू, की जिन्यातली मांजर पळाली.

मैत्रिणीच्या लेकीचा साखरपुडा! पहिली लकेर तिचीच, असं सुहैलानं आमंत्रणातच लिहिलं होतं. अकाबाहून इरबिदपर्यंत बसमध्ये बाईनं घसा जपला होता, शेजारणीशी धड बोललीही नव्हती. खाली अंगणात पुरुषमंडळी खुर्च्यांच्या रांगा धरून बसलेली, कडू कॉफीचे पेले हातोहात फिरताहेत, हे तिनं येताना पाहिलं होतं. मुलाकडचे वडीलधारे मागणी घालायला आले की असेच तर बसतात. एकानं तिचा डाळिंबी झगा पाहून मान फिरवली. सभ्य माणूस दिसतोय, असं तिला वाटलं.

लकेर संपली. एकीनंही साथ दिली नाही. भिंतीला टेकून बसलेल्या बायका सगळ्या काळ्या कपड्यांत होत्या. कोपऱ्यात कुराण वाचणारी म्हातारी मधेच थांबून तिच्याकडे बघत होती.

“अगं बये!” सुहैलाची नणंद उम्म हातिम ताडकन उठली. “मयताच्या घरात हे काय? काही लाज?”

“मयत? कुणाचं?”

“कुणाचं म्हणून विचारतेस वर! सुहैला गेली. मंगळवारी. अख्ख्या इरबिदला ठाऊक आहे.”

तबक हातून सुटलं. खजुराचे मामूल फरशीभर घरंगळले. बासिमा होती तिथं मटकन खाली बसली.

“मला कुणी कळवलं नाही हो.”

“कळवलं नाही कसं? त्याच दिवशी नव्या ॲपवर टाकलं. परदेशातल्या चुलत्यांना कळतं, तुलाच बरं कळत नाही!”

“मी तिथं नाहीये.”

“मग कुठे असतेस?”

बासिमानं जुन्या साइटचं नाव सांगितलं. मयताच्या घरात हसू नये, पण मागच्या एका सुनेला हसू फुटलंच. तिनं ओढणी तोंडाशी धरली. “अगंबाई, तिथं अजून माणसं आहेत?”

एकेकाळी होती की! कॉलेजच्या साऱ्या मैत्रिणी तिथं, दिवसभर नुसता कलकलाट. मग एकीला फोटोंची साइट आवडली, तिच्यामागून चौघी गेल्या. तिथूनही मन उडालं, तशा सगळ्या आणखी तिसरीकडे. विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन मी नाही फिरणार, म्हणत बासिमा मागे राहिली. आणि सुहैला राहिली. बासिमा रोज काहीबाही टाकायची, बाल्कनीतला पुदिना, समुद्र, करपलेला भात. रोज त्याखाली पत्त्यातल्यासारखा एकच लाल बदाम उमटायचा, सुहैलाचा. तो उमटला की ती निवांत झोपायची.

बदाम! बासिमा एकदम ताठ झाली.

“मंगळवारी कशी जाईल ती?” ती ओरडलीच. “हा झगा मी काल टाकला. शोभेल का म्हणून विचारलं, तर तिनं बदाम दिला. म्हणून तर घालून आले मी! हे बघा, बघा ना!”

तिनं फोन पुढे केला. बायकांनी माना लांबवल्या. झग्याच्या फोटोखाली खरंच सुहैलाच्या नावाचा बदाम होता. उम्म हातिमचे ओठ अल्लाचं नाव घेत भराभरा हलू लागले.

“तो मी दिला, खाला.”

बोलली ती रुबा, सुहैलाची लेक, जिचा आज साखरपुडा व्हायचा होता. आईचा फोन तिच्या मांडीवर होता. रडून रडून डोळे सुजले होते.

“हॉस्पिटलात आईची जीभ जड झाली होती. तरी म्हणाली, बासिमाला रोज बदाम देत जा, नाहीतर तिला वाटेल मीही तिला सोडलं. म्हणून मी देत राहिले.”

“अगं पण पोरी, दोन शब्द लिहायचेस!”

“घेतलं होतं लिहायला. त्याच वेळी तुम्ही विचारलं होतंत आईला, पुदिना वाळवून आणू का म्हणून.” रुबानं मांडीवरचा फोन उचलला. “नाही लिहवलं मला. नुसता बदाम दिला.”

कुणीतरी मामूल वेचायला घेतले. उम्म हातिमनं स्वतःची काळी शाल काढून डाळिंबी झग्यावर घातली आणि कॉफीचा पेला हातात दिला. “घे. मी पण काय काय बोलून गेले.”

बासिमानं पेला घेतला आणि तसाच बाजूला ठेवला. जुन्या साइटवर कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथं कळवायला हवं होतं, एवढं एकच तिच्या डोक्यात आलं. कुणाला, ते सुचलंच नाही. तिनं लिहिलं, ‘माझी सुहैला गेली. मी आज तिच्या घरी आहे.’

म्हातारीचं वाचन पुन्हा सुरू झालं. कॉफी निवली. बासिमा फोनच्या पडद्याकडे बघत बसली. ना कुणाचा शब्द, ना कुणाची खूण.

मग त्या ओळीखाली एक लाल बदाम उमटला. सुहैलाचा.

बासिमानं वर पाहिलं. समोर रुबा आईचा फोन दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. याही वेळी तिला दुसरं काही लिहवलं नव्हतं.