बिनसाखरेचा नेम

“माझी साखर वाढलीय गो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरात साखरेचा दाणा दिसता कामा नये. तू खाल्लीस तर मला राहवणार नाही. तेव्हा दोघांनी मिळून सोडायची.”

आषाढात दोघांनी दिलेल्या रक्ताचे कागद घेऊन म्हसळ्याच्या दवाखान्यातून परतल्यावर महिपतरावांनी ओटीवर बसून हे सांगितलं होतं. बिनसाखरेच्या चहाचा पहिला घोट घेताना सत्यवतीला ते अजून रोज ऐकू येई.

त्याच संध्याकाळी तिने देवापुढे हात जोडले. यांची साखर उतरेपर्यंत गोड तोंडात घालणार नाही, आणि रोज यांच्यासोबत खाडीच्या बांधापर्यंत चालेन.

नेम तिला नवे नव्हते. सोमवार, एकादशी, चतुर्थी, सगळं निभायचं. प्रसाद तेवढा जड गेला. भजनाला रोज कुणाकडे तरी शिरा असे, आणि पुढे आलेला प्रसाद तिने जन्मात परतवला नव्हता.

“देवापेक्षा नवरा मोठा झाला व्हय?” शेजारच्या नीराबाईने द्रोण पुढे करत डिवचलं.

“देवाला सांगूनच सोडलंय. तो काय बोलला न्हाय, तू कशाला बोलतेस?” सत्यवतीने द्रोण कपाळाला लावला आणि तिच्याकडेच परत सरकवला.

महिपतरावांची मात्र तिला दया येई. कपात तीन चमचे साखर घेणारा माणूस. आता डोळे मिटून चहा पीत, काढा प्यावा तसा. गणपतीत मोदकांचं ताट मांडलं, तर उठून मागच्या दारी जाऊन उभे राहिले. बांधावर चालताना भरभर पुढे जात, मग थांबून विचारत, “दमलीस काय गो?”

“माझं काय घेऊन बसलात? साखर तुमची.”

कार्तिकात त्यांनी पुन्हा रक्त तपासायला दिलं. आषाढासारखं तिलाही द्यायला लावलं. एकट्याला सुईची भीती वाटते म्हणाले. कागद आणायला एरवी तेच जात. या खेपेला नेमका नारळ पाडणारा आला, म्हणून सत्यवतीच परस्पर एसटीने म्हसळ्याला जाऊन आली.

महिपतराव अंगणात नारळ सोलत होते. तिला बघून हात थांबला.

“तू कशाला गेलीस? मी उद्या गेलो असतो. काय म्हणाल्या?”

ती पायरीवर बसली. तांब्याभर पाणी प्यायली.

“बरीच उतरलीय म्हणाल्या. थोडी आहे अजून. नेम सोडायचा नाही.”

“माझी?”

“मग कुणाची?”

ते मान खाली घालून सोलत राहिले. “माझ्यापायी तुला त्रास.”

“असू दे. तुमच्यासाठी म्हटलं की मला जमतं.” तिने पदराने तोंड पुसलं, डोळेही पुसले. “चला, ऊन उतरलं.”

ती उठली, चपला घातल्या. डॉक्टरीणबाईंनी आज दोघांचे जुने-नवे कागद तिच्यापुढे शेजारी मांडले होते. वाढलेली साखर दोन्ही वेळा सत्यवतीचीच होती. त्यातलं एक अक्षरही न बोलता ती, नवऱ्याची साखर उतरवायला, बांधाच्या वाटेला लागली.