पाणी चढलं तर

दिनकर आरवाडे यांनी खिडकीत उभं राहून नवी शिट्टी जोरात फुंकली.

नदीकाठच्या त्या इमारतीत ते तळमजल्यावर एकटेच राहत. गेल्या पुरात पाण्यानं त्यांचं दार अडलं आणि ते रात्रभर माळ्यावर अंग चोरून बसले. शेजाऱ्यांना वाटलं, आरवाडे लेकीकडे गेले असतील. म्हणून यंदा पावसाळ्याआधीच त्यांनी लेकीच्या जुन्या दप्तरात बॅटरी, बीपीच्या गोळ्या, चुरमुरे आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं आधारकार्ड भरून ठेवलं होतं. सगळं घरातलंच, विकत आणली ती एवढी शिट्टी.

त्यांनी ती पुन्हा फुंकली. समोरच्या वळचणीतली कबुतरं उडाली, पण एकही माणूस डोकावला नाही. आवाज पोचतोय, पण तो आपल्यासाठी आहे असं कुणालाच वाटत नाही, हे त्यांना कळलं.

मग चपला घालून ते वरच्या मजल्यावर गेले. तिथं वर्षापूर्वी राहायला आलेल्या बाईंशी ते आजवर बोललेही नव्हते. काठी टेकत बाईंनी दार उघडलं. मागे घरात कुणी दिसेना.

"मी खाली राहतो," आरवाडे अडखळत म्हणाले. "पाणी चढलं, तर मला तेवढी हाक माराल?"

"मला जिना उतरवत नाही हो," बाई म्हणाल्या. "तुम्हीच वर येत जा."

"बरं," म्हणून ते वळले आणि अर्ध्या जिन्यात थबकले. पुरापुरतं बोलायचं असतं, तर बाई नुसतं 'या' म्हणाल्या असत्या, 'येत जा' नव्हे.