माळावरचा क्लब

हैबतीबाबांची खालची जमीन कारखान्यात गेली होती. त्यामुळे उरलेल्या माळावर कुणी टिकाव घेऊन नुसतं उभं राहिलं तरी ते बांधावर बसून त्याच्यावर नजर ठेवायचे. त्याच कारखान्यातली सहा माणसं दोन वर्षं दर रविवारी सायकली दामटत तिथं यायची. दगड वेचायची, वळणं बांधायची, पावसानं वाहून गेलेली माती पुन्हा भरायची. विचारलं की एकच उत्तर, "आमचा स्कूटर क्लब आहे बाबा. हा आमचा ट्रॅक."

क्लब म्हणे. दोन वर्षांत बाबांनी तिथं एक स्कूटर पाहिली नव्हती. हे मोजणीवालेच आहेत आणि उरलेला माळही घशात घालणार, अशी त्यांची खात्री पटली. शेवटी एका रविवारी ते काठी आडवी धरून वाटेत उभे राहिले.

"लई झालं. गाड्या दावा, न्हाईतर चालू लागा."

सहाही जणांच्या माना खाली गेल्या. त्यांच्यातला इकबाल फिटर हातावरची माती झटकत म्हणाला,

"रोज शंभर स्कूटर आमच्याच हातून बाहेर पडतात बाबा. बुकिंगमध्ये आमचा नंबर मात्र अजून पाच वर्षांनी आहे."